डिझेल इंजिनांच्या प्रतिकृती जमवताना : कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिले मॉडेल विकत घेण्याआधी एक वही विकत घ्यावी, असे मी या छंदात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेकांना ते सुरुवातीला पटत नाही. दुकानातले किंवा ऑनलाइन दिसलेले चकचकीत इंजिन घरी आणावे आणि काचेच्या कपाटात मांडावे, एवढाच हा छंद असता तर मार्गदर्शनाची गरजच नव्हती. परंतु आपल्याकडचा माणूस डिझेल इंजिनाच्या मॉडेलकडे वळतो तो बहुधा एखाद्या खऱ्या गाडीमुळे. त्या गाडीची नोंद हाताशी नसेल, तर दोन-तीन वर्षांत कपाटात कोणत्याही देशाची, कोणत्याही काळाची आणि कोणत्याही मापाची इंजिने गोळा होतात आणि त्यांतले एकही आपले वाटत नाही.

वहीत काय लिहावे

गाडीचे नाव, साधारण साल, आपण कुठे उभे होतो, इंजिनाचा रंग, त्यावरचा क्रमांक आठवत असल्यास तो, आणि इंजिनाची कोणती बाजू पुढे होती, इतके लिहावे. शेवटची बाब नवख्याला क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात निम्मी ओळख तिच्यावर अवलंबून असते. जुन्या डिझेल इंजिनांना चालकाची केबिन एकच असे आणि ती एका टोकाजवळ असे. केबिनच्या एका बाजूस आखूड नाक, म्हणजे शॉर्ट हूड, आणि दुसऱ्या बाजूस इंजिनाचे सारे धूड सामावणारे लाँग हूड. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक असल्याने रूळ इथेच संपतात. आलेले इंजिन डब्यांपासून सोडवून, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, आणि इंजिन उलटे वळवले नाही तर येताना जी बाजू पुढे ती जाताना मागे पडे.

याच बाबतीत माझी स्वतःची आठवण खोटी निघाली. ऐंशीच्या दशकात, शाळेत असताना, वडिलांसोबत परीख पुलाजवळ उभे राहून मी कोयना एक्सप्रेस सुटताना पाहत असे, आणि त्या गाडीला लाँग हूड पुढे असे, हे मी पुढची तीस वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. नंतर घरच्या अल्बममध्ये आत्याच्या लग्नानंतरच्या निरोपाचा एक फोटो सापडला. त्यात वऱ्हाडाच्या डोक्यांवरून मागे दिसत होते ते इंजिनाचे आखूड नाक आणि केबिनच्या दोन खिडक्या. एका फोटोवरून रोजचा शिरस्ता ठरत नाही हे खरे, पण माझ्या "नेहमी" या शब्दाला त्याने चाप लावला. म्हणून वहीच्या पानाचे दोन भाग करावेत : डावीकडे जे आठवते ते, उजवीकडे त्याला जो पुरावा मिळाला तो. उजवी बाजू बराच काळ कोरी राहते, त्याची चिंता करू नये.

पुरावा घरातच जास्त सापडतो. लग्नाचे आणि सहलींचे फोटो, पुठ्ठ्याची जुनी छोटी तिकिटे, आरक्षणाचे कागद, जुनी वेळापत्रके हे सारे उपयोगी आहे. निवृत्त ड्रायव्हर, गार्ड किंवा फिटर ओळखीत असतील तर त्यांच्याकडे एक दुपार घालवावी, मात्र "तुमच्या वेळी कोणते इंजिन होते?" असा मोघम प्रश्न विचारू नये. एखादा फोटो पुढे ठेवून "यातला हा फुगवटा कशाचा?" असे विचारले की माणूस बोलू लागतो.

इंजिन ओळखायला शिकणे

मिरज–कोल्हापूर मार्ग कोल्हापूर संस्थानाने बांधला आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा तो मीटरगेज होता. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर १९७१ मध्ये झाले आणि महालक्ष्मी एक्सप्रेसही त्याच वर्षीची. आपल्या पिढीच्या मनातले कोल्हापूरचे डिझेल इंजिन आहे ते त्यानंतरचे, आणि ते बहुतेक वेळा डब्ल्यूडीएम-२ असते. मुंबईहून येणाऱ्या गाडीला पुण्यापर्यंत विजेचे इंजिन असे आणि पुढच्या प्रवासासाठी पुण्याला डिझेल इंजिन लागे. त्या अदलाबदलीत मिळणाऱ्या वेळात खाली उतरून इंजिन पाहून आलेले पुष्कळ वाचक असतील.

नावातल्या अक्षरांचा अर्थ एकदा कळला की गोंधळ संपतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. डी म्हणजे डिझेल. त्यानंतर एम म्हणजे मिश्र कामाचे, पी म्हणजे प्रवासी गाड्यांचे, जी म्हणजे मालगाड्यांचे. डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा अल्को या अमेरिकी कंपनीचा होता. पहिली इंजिने १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, ११२.८ टन वजन, ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. हा कारखाना पुढे विजेच्या इंजिनांकडे वळला आणि २०२० मध्ये त्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले.

मॉडेल पारखताना आकड्यांपेक्षा दोन-तीन खुणा अधिक कामाच्या आहेत. पहिली खूण चाकांची. डब्ल्यूडीएम-२ च्या प्रत्येक बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गटात, तीन आस (चाकांची जोडी जोडणारे दांडे) असतात, पण ते समान अंतरावर नसतात. दोन जवळ आणि तिसरा थोडा लांब असतो. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये वरचे कवच भारतीय आणि खालचा सांगाडा दुसऱ्याच इंजिनाचा असला की ही लबाडी इथे उघडी पडते. दुसरी खूण केबिनच्या खिडक्यांची. याच इंजिनाच्या एका छोट्या मालिकेला आखूड नाक बुटके आणि समोरच्या काचा मोठ्या होत्या, त्यांना जंबो म्हणतात. तुमच्या आठवणीतले इंजिन जंबो आहे की साधे, हे फोटोवरून ठरवावे. तिसरी बाब अशी की ३,१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए बाहेरून डब्ल्यूडीएम-२ सारखेच दिसते, कारण कित्येक इंजिने जुन्यांचीच सुधारून केलेली होती. तिथे अंगावर लिहिलेली अक्षरे हाच आधार. नव्या शतकातली डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याची, ४,००० अश्वशक्तीची इंजिने मात्र इतकी वेगळी दिसतात की त्यांत गफलत होण्याचा प्रश्नच नाही.

आवाजानेही ओळख पटते. अल्कोचे यंत्र चार स्ट्रोकचे, उभ्या जागी त्याची ढग-ढग एका लयीत नसते, मध्येच अडखळल्यासारखी वाटते. ईएमडीचे दोन स्ट्रोकचे, त्याचा घुमारा सलग. अल्को इंजिन गाडी ओढू लागताना काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडे. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. चालक वेगाचा दांडा एकेक खाच पुढे सरकवतो तेव्हा डिझेल लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला वेग घेऊन पुरेशी हवा द्यायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात ते तेल अर्धवट जळते. परीख पुलावरून गाडी बाहेर पडताना खालच्या सायकलवाल्यांनी नाकाला रुमाल लावण्याचे कारण हेच.

माप ठरवणे, आणि ब्रॉडगेजची अडचण

सर्वांत प्रचलित माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ब्रिटिश पद्धतीचे ओओ माप १:७६.२ चे, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटर. एन माप १:१६० चे आणि त्याचे रूळ ९ मिलिमीटरचे. लहान सदनिकेत राहणाऱ्याला एन मोहात पाडते, परंतु भारतीय इंजिने त्या मापात फार कमी मिळतात आणि पन्नाशीनंतर भिंगाशिवाय काम होत नाही. माझे मत एचओच्या बाजूचे आहे.

डब्ल्यूडीएम-२ ची बफरपासून बफरपर्यंतची लांबी १७.१२ मीटर. एचओमध्ये ती १९.७ सेंटिमीटर आणि ओओमध्ये २२.५ सेंटिमीटर भरायला हवी. स्टीलची पट्टी जवळ ठेवून हे मोजावे. एका विक्रेत्याने एचओ म्हणून पाठवलेले माझे दुसरे इंजिन पावणेतेवीस सेंटिमीटर भरले, म्हणजे ते ओओलाही थोडे मोठेच होते. डब्यांना जोडल्यावर ते लग्नाच्या पंगतीत चुकून आलेल्या पैलवानासारखे दिसू लागले. परत पाठवण्याची मुदत तोवर संपली होती. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून पट्टीसह काढलेला फोटो मागवावा, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

रुळांच्या बाबतीत एक गंमत समजून घ्यावी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग १९.३ मिलिमीटर होतो. बाजारातले १६.५ मिलिमीटरचे रूळ हे परदेशी १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे माप आहे. म्हणजे एचओमध्ये आपले इंजिन नेहमीच थोड्या अरुंद रुळांवर उभे असते. बहुतेक संग्राहक हे मान्य करून पुढे जातात, आणि नवख्यानेही तसेच करावे. मात्र मीटरगेजचा सत्त्याऐंशीवा भाग ११.५ मिलिमीटर येतो आणि त्यासाठी १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अडीच फुटी नॅरोगेजचा ८.८ मिलिमीटर येतो, त्याला एन मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळपास तंतोतंत बसतात.

याचा अर्थ मिरज जंक्शन जवळजवळ बरोबर मापात उभारता येते. १९७१ नंतर नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेला तिन्ही गेज एकत्र होते : पुणे-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. मीटरगेजवर सुमारे १,४०० अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे वायडीएम-४ आणि त्याच्या शेजारी सोळा सिलिंडरचे डब्ल्यूडीएम-२ उभे राहिले की धाकट्या-थोरल्या भावांतला फरक डोळ्यांत भरे. एका फळीवर ही जोडी मांडणे हे मला कोणत्याही भव्य मांडणीपेक्षा मोलाचे वाटते, आणि ते दोन फूट जागेत मावते.

पहिली खरेदी

पहिले मॉडेल न चालणारे, फक्त मांडून ठेवण्याचे घ्यावे. ते स्वस्त असते आणि त्यावर रंगाचे प्रयोग करायला हात धजावतो. भारतीय इंजिनांची मॉडेले करणारे मोठे कारखाने नाहीत. त्रिमितीय छपाईने किंवा पितळी पत्र्यातून थोडे थोडे नग करणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्याकडे नोंदणी करून काही महिने थांबावे लागते. परदेशातून मागवल्यास किमतीवर कस्टम ड्युटी आणि टपालखर्च चढतो. तो हिशेब आधीच करावा, कारण दारात आलेल्या माणसाला पैसे देताना घरच्यांच्या नजरेला नजर द्यावी लागते.

छापील कवच हातात आले की ते तिरप्या उजेडात धरावे. थरांच्या रेघा दिसत असतील तर रंग देण्याआधी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावा लागतो, आणि रिव्हेटचे ठिपके त्यात पुसले जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. ही तक्रार नव्हे. अशा मॉडेलचे स्वरूपच तसे असते.

चालणारे मॉडेल घेताना मोटर, फ्लायव्हील (गती टिकवणारे जड चाक) आणि किती चाकांतून वीज घेतली जाते हे विचारावे. सहाही आसांची चाके वीज घेत असतील तर सांध्यांवर इंजिन अडखळत नाही. साधी पद्धत १२ व्होल्ट डीसीची, तिच्यात रुळांत विजेचा जितका दाब तितका वेग. डीसीसी या डिजिटल पद्धतीत इंजिनात डिकोडर, म्हणजे त्या इंजिनापुरता हुकूम ओळखणारा छोटा भाग, बसवतात आणि प्रत्येक इंजिन स्वतंत्र चालवता येते. डिकोडरमधून आवाजही येतो, आणि इथे भारतीय संग्राहकाला एक अनपेक्षित सोय आहे : अमेरिकी अल्को २५१ यंत्राचे ध्वनिमुद्रण आपल्या डब्ल्यूडीएम-२ ला चालते, कारण यंत्र त्याच घराण्यातले आहे. ईएमडी ७१० चा आवाज डब्ल्यूडीजी-४ ला चालतो. हॉर्न मात्र अमेरिकी वाजतो. तो बंद ठेवावा.

फळी, रूळ आणि वेग

प्लायवूडचा एक आठ बाय चारचा तक्ता सुरुवातीला पुरेसा आहे. तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, कारण मागच्या कडेला घसरलेला डबा उचलायला हात पोचत नाही. तीन-तीन आसांच्या बोगीचे इंजिन आणि लांब डबे यांना वळणाची त्रिज्या निदान ५५ सेंटिमीटर द्यावी. खऱ्या प्रवासी डब्याचे एचओ रूप सुमारे २५ सेंटिमीटर भरते, त्यामुळे पूर्ण महालक्ष्मी उभी करायला दिवाणखाना अपुरा पडेल. इंजिनामागे चार डबे लावले तरी डोळ्यांना गाडी पटते. ताशी १२० किलोमीटर हा वेग एचओमध्ये सेकंदाला ३८ सेंटिमीटर होतो. फळीवर पट्टी ठेवून एकदा मोजा म्हणजे आपण आजवर गाडी किती बेफाम पळवत होतो ते कळेल. स्थानकात शिरताना याच्या पाव वेग पुष्कळ झाला.

बारीक काम आणि गुजरी

कोल्हापुरात राहण्याचा या छंदाला मोठा फायदा आहे, आणि तो रेल्वेशी संबंधित नाही. गुजरीच्या परिसरात सोनारकामाची हत्यारे मिळतात : बारीक कानशी, चिमटे, डोळ्याला लावायचे भिंग, पितळेची अर्ध्या मिलिमीटरची तार. इंजिनाच्या पायऱ्यांशेजारचे कठडे छपाईत जाड येतात. ते कापून तारेचे बसवले की मॉडेलचे रूप पालटते. डाख द्यायला, म्हणजे वितळत्या धातूने तार जोडायला, मी हुपरीच्या एका चांदीकारागिराकडे शिकलो. त्यांनी आयुष्यभर पैंजण जोडलेले. इंजिनाचा कठडा त्यांनी भिंगाखाली फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आधी तार घासून उजळ करा, मळक्या तारेला डाख धरत नाही. आणि आच तारेला द्या, डाखाला नको." त्यानंतर माझा एकही जोड सुटला नाही. आस, चाक किंवा वजनासाठी पितळी ठोकळा कापून हवा असेल तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारे आहेत. मात्र त्यांना एक नग करायला सांगताना आधी चहा सांगावा.

रंग देताना कोरे करकरीत इंजिन करू नये. डिझेलची ओघळ टाकीच्या झाकणाखाली असते, काजळी धुराड्याभोवती छतावर असते, तांबूस धूळ बोगीवर असते. कुठल्या शेडचे (इंजिनांच्या आगाराचे) इंजिन कोणत्या रंगात होते, हे वेगवेगळ्या काळात बदललेले आहे, म्हणून वहीच्या उजव्या बाजूला फोटो मिळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

खऱ्या वस्तू आणि कायदा

काही जणांना मॉडेलसोबत खऱ्या इंजिनाची क्रमांकपाटी, हॉर्न किंवा दिवा हवा असतो. इथे सावध राहावे. रेल्वेची भंगार मालमत्ता अधिकृत लिलावातून विकली जाते. लिलावाचे कागद नसलेली वस्तू घरात सापडली, तर रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयीचा १९६६ चा कायदा लागू होऊ शकतो. "माझ्या काकांनी दिली" हे उत्तर पुरत नाही. त्याचप्रमाणे फोटोसाठी रुळांवर उतरू नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, आणि रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलावर तर तो जिवावर बेतणारा आहे. फलाटावर, फलाट तिकीट काढून, स्टेशन मास्तरांना विचारून काढलेला फोटो संग्रहाला पुरेसा असतो.

जपणूक

कोल्हापूरचा पाऊस हा मॉडेलचा खरा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवाव्यात. मूळ खोक्यातला फोम काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला लागतो, म्हणून मॉडेल आधी मऊ सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळावे. चाके आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पॉलिश पेपरने कधीही घासू नयेत, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक बसतो. चालणारे इंजिन महिन्यातून एकदा दहा मिनिटे फिरवावे.

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावर पाणी आले, तेव्हा सर्वांत खालच्या फळीवर तीन इंजिने आणि ती वही होती. इंजिने नळाखाली धुऊन, पंख्याखाली वाळवून, मोटर बदलून पुन्हा चालू झाली. वही शाईच्या पेनने लिहिलेली होती. तिची पाने निळी झाली, आणि आत्याच्या फोटोखालची तारीख, निवृत्त ड्रायव्हरांनी सांगितलेली दोन इंजिनांचे क्रमांक आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली मीटरगेजच्या दिवसांची दोन पाने वाचता येईनाशी झाली. वडील तोवर गेले होते. तेव्हापासून मी पेन्सिलने लिहितो, महिन्याअखेरीस प्रत्येक पानाचा फोटो काढून तो मुलीच्या फोनवरही पाठवतो, आणि वही सर्वांत वरच्या फळीवर ठेवतो, इंजिने खालच्या.

प्रत्येक मॉडेलच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवावी : वर्ग, क्रमांक, माप, कुणाकडून किती रुपयांना घेतले, आणि वहीचा पान क्रमांक. किंमत लिहायला संकोच करू नये. ती न लिहिल्यास पुढे घरातले कुणीतरी हे सारे खेळण्यांच्या भावात देऊन टाकते. माझ्या डब्ल्यूडीएम-२ च्या तळाशी शेवटी "पान ७" असे लिहिले आहे. ते पान पुरात गेले. त्या जागी आता मुलीच्या अक्षरातले नवे पान ७ आहे, आणि त्याच्या उजव्या बाजूला आत्याच्या फोटोची प्रत डकवलेली आहे.